बर्फाने सोडलेला रस

नागपूर, ३ मार्च १९७४

सौ. पंचफुला वहिनींना कांताचा सप्रेम जयभीम.

दादाचं कार्ड मिळालं. बाबांचा ताप उतरला, पण माणूस काही उठला नाही, दोन घास खाऊन ताट सरकवतात, हे वाचलं आणि दिवसभर माझ्या मशीनवर एकही शिवण सरळ गेली नाही. उमरेड काय लांब आहे? सकाळच्या एस.टी.त बसले तर जेवायला तुमच्याकडे. पण इकडे सासूबाई अंथरुणावर. कूस बदलायलाही त्यांना माणूस लागतो. माय गेली तेव्हाही मी उशिरानेच पोचले होते. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही, पण ते मला लागून राहिलं आहे. लेकीने करायचं ते तुम्ही करता, आणि मी इथून पत्रं लिहिते.

डॉक्टरांनी संत्र्याचा रस द्या म्हटलं, आणि तुमच्याकडे वाळकी संत्री मिळतात, बाबा फोड चघळतही नाहीत. इथे डागी संत्री टोपलीने मिळतात. पण रस पाठवायचा कसा? वाटेतच नासायचा. म्हणून चुलीवर आटवून पाहिला, तर कडू जहर झाला. तेव्हा हे म्हणाले, "आटवून काहून राहिली? गोठव ना!"

यांची नोकरी बर्फाच्या कारखान्यात, तुम्हाला ठाऊकच आहे. मालकांना विचारून यांनी रसाने भरलेला डालडाचा डबा घट्ट बंद करून खाऱ्या पाण्याच्या टाकीत टांगला. दुसऱ्या दिवशी रसाचा दगड घरी आला. मी म्हटलं, आता याचं काय करू? तर म्हणाले, "लेकरं बर्फाची कांडी चोखतात, तवा काय होते? आधी रंग अन् साखर तोंडात येते, मागून कोरा बर्फ उरते. तसंच हे." आम्ही तो गोळा चाळणीत पालथा घातला, खाली पातेलं ठेवलं. आधी गळला तो दाट, केशरी, नुसता गोड रस. थेंब फिके पडायला लागले तशी चाळणी उचलली. वर राहिला तो पांढरा बर्फ, चव ना ढव. गल्लीतल्या लेकरांनी तोही सोडला नाही. गळलेला रस पुन्हा गोठवला, पुन्हा गाळला. टोपलीभर संत्र्यांचा बाटलीभर रस झाला, आणि विस्तव लागला नाही म्हणून कडवटपणाही नाही.

टॉनिकच्या बाटलीत भरून कंडक्टरच्या हाती देत आहे. पेलाभर पाण्यात दोन चमचे घाला. बाबा प्यायले का ते लिहा.

तुमची कांता


उमरेड, १२ मार्च

प्रिय कांताबाई, जयभीम.

बाटली पोचली. बर्फाची युक्ती काढली, नत्थूजींची अक्कल खरी! वास तर असा की सगळं घर गोळा झालं. मामाजींनी पेला हातात घेतला, एक घोट घेतला, "गोड हाय" म्हणाले आणि पेला खाली ठेवला. पुढे नाही. उरलेल्या बाटलीची काळजी करू नका, ती तुमच्या भावाने घेतली. खाणीतून आले की आधी बाटलीकडे बघतात, मग माझ्याकडे.

खरं सांगू? मामाजींना काही दुखत नाही. डॉक्टरही तेच म्हणतात. आमच्या सासूबाई गेल्यापासून ते असेच आहेत, तापाचं निमित्त झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी सासूबाईंचं नाव ऐकलेलं नाही. कुणी काढलं तर उठून जातात. आम्ही आता काढतही नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सासू काय, सासरा काय, जिच्या वाट्याला जे आलं ते तिने करायचं. रस मात्र जमेल तसा पाठवत राहा. एक घोट गेला, उद्या दोन जातील.

तुमची पंचफुला


नागपूर, २७ मार्च

प्रिय वहिनी, जयभीम.

या खेपेला उशीर झाला. ऊन तापलं आणि कारखान्यात बर्फाची ओढ सुरू झाली, टाकीत आमच्या डब्याला जागाच मिळेना. रस तर मी आधीच काढून बसले होते. तो माठात ओतला, माठाला ओलं पोतं गुंडाळलं आणि वाट पाहिली. बाबांना ताकद यावी म्हणून गूळ घातला, पचावा म्हणून सुंठ. गुळाच्या पाकावर येतो तसा फेस वर येऊ लागला. मी तो रोज काढून टाकत होते, म्हटलं, मळी निघते आहे, बरंच आहे.

शेवटी डबा टाकीत गेला. पण हा रस पहिल्यासारखा दगड झालाच नाही, मधे नुसता लगदा. गाळला तो दाटही नव्हता. जिभेच्या टोकावर घेऊन पाहिला, तर छातीत ऊब उतरली. सुंठ जरा जास्तच पडली वाटतं. दोन बाटल्या पाठवत आहे. रोज संध्याकाळी द्या.

तुमची कांता


उमरेड, ८ एप्रिल

प्रिय कांताबाई,

जयभीम, जयभीम आणि आणखी एकदा जयभीम! आज किती लिहू असं झालं आहे.

आधी गंमत ऐका. बाटली उघडायला गेले तर बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि कॅलेंडरला लागलं. उन्हाने केलं असणार. मामाजींना पेला दिला. एक घोट घेतला, थांबले. पेल्याकडे बघत राहिले. म्हटलं, आता ठेवतात खाली. पण दुसरा घोट घेतला आणि पेला रिकामा केला. थोड्या वेळाने स्वतः म्हणाले, "पंचफुले, भाकर हाय का?" मी तव्यावरची काढून दिली, तीही संपवली.

आणि मग ते बोलले, कांताबाई. सासूबाईंबद्दल बोलले! "तुह्या सासूची गोष्ट सांगतो," म्हणाले. "नागपूरले दीक्षेले पायी जाऊन राहिलो होतो आम्ही. रस्त्यात बायजीनं एक संत्रं घेतलं, हिरवंगार. सोललं, अन् लेकराइले एकेक फोड देल्ली. मले नाही देल्ली! म्या हात पसरला तं हातावर साल ठेवली!" आणि असे हसले की तुमचे भाऊ बाहेरून धावत आले. मी विचारलं, फोड का नाही दिली? तर म्हणाले, "ते मंग सांगीन," आणि भिंतीला टेकून झोपले. झोपेतही हसत होते. मला रडू आवरेना.

आता रोज संध्याकाळी असंच आहे. वस्तीत बातमी गेली. खाणीतली तरुण पोरं पगार झाला की पितात, तुम्हाला माहीत आहे. दीक्षेच्या दिवसापासून मामाजींनी दारूचा थेंब शिवला नाही, म्हणून ती पोरं एक त्यांचंच ऐकतात. येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात पोरांनी दारू सोडायची, पाचवं शील घ्यायचं, आणि त्या वेळी मामाजींनी बोलायचं असं ठरलं आहे. मामाजी हो म्हणाले!

हे सगळं तुमच्या रसाने केलं. बाटल्या संपत आल्या. लवकर पाठवा.

तुमची पंचफुला


नागपूर, १६ एप्रिल

वहिनी, जयभीम.

दोन बाटल्या पाठवत आहे. संत्री आता संपली, यानंतर जमणार नाही.

बाबांचं सकाळी डोकं दुखतं का? डोळे लाल असतात का? अर्ध्या पेल्याच्या वर देऊ नका, आणि मुलांना यातला थेंबही देऊ नका. दादालाही नको. सासूबाईंचं पथ्यपाणी करायचं आहे, म्हणून इथेच थांबते.

बाबा आणखी काय बोलले? मायबद्दल आणखी काही बोलले का? सगळं लिहा.

कांता


उमरेड, २५ एप्रिल

प्रिय कांताबाई,

जयभीम. तुमचं पत्र वाचून जरा वाईट वाटलं. तुमच्या हातचं खाताना माझ्या मुलांना कधी मोजावं लागलं नव्हतं. पण संत्री संपली, बाटल्या दोनच, आणि त्या मामाजींसाठी, हे मला समजतं. मुलांना हात लावू दिला नाही. तुमच्या भावालाही नाही, ते फुगून बसले आहेत.

मामाजींचं डोकं दुखत नाही. डोळे म्हणाल तर लाल दिसतात, मला वाटलं बोलता बोलता भरून येतं म्हणून असेल. सासूबाईंचं रोज काही ना काही निघतं. त्या धान पाखडताना कशा गुणगुणायच्या ते म्हणूनही दाखवलं. संत्र्याची गोष्ट मात्र तिथेच अडते. पुढचं विचारलं की "मंग सांगीन".

बाटली आता त्यांनी स्वतःच्या उशाशी ठेवली आहे. ऊन कललं की विचारतात, "दिवा लावाची वेळ झाली काय?" मी म्हणते, मामाजी, दिवा हवा की रस? तर लहान मुलासारखे तोंड फिरवतात.

पौर्णिमेला तुम्ही आलंच पाहिजे. ते काय बोलणार आहेत ते मला म्हणून दाखवलं. शेवटी म्हणणार आहेत, "मले माह्या लेकीनं उठवलं. तिच्या हातच्या रसानं उठवलं." सगळ्या वस्तीसमोर तुमचं नाव घेणार आहेत. तुमच्या सासूबाईंना दोन दिवस कुणाकडे तरी सोपवा आणि या.

तुमची पंचफुला


नागपूर, २९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र चुलीजवळ एकट्या बसून वाचा.

मी मुलांना नको म्हटलं ते कंजूषपणाने नाही. तुम्हाला तसं वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून मी डोकं दुखतं का, डोळे लाल आहेत का विचारत होते. वहिनी, त्या बाटल्यांत रस नाही. दारू आहे.

मार्चमधल्या दोन बाटल्या पाठवल्या तेव्हा खरंच माहीत नव्हतं. नंतर त्याच माठात मी पुन्हा रस ठेवला. माठ घासलाही नव्हता, वास छान येत होता म्हणून. डबा टाकीत टांगला आणि दुसऱ्या दिवशी हे चेहरा पाडून घरी आले. म्हणाले, "कांते, बाकीचे साचे दगड झाले, तुह्या डब्यात नुसता लगदा. म्या बोट घालून चाखलं. हे रस नाही वं, पहिल्या धारेची हाय."

मी म्हटलं, सुंठ आहे ती.

"सुंठीनं पाणी गोठाचं थांबत नसते," म्हणाले. "तू फेस फेस म्हणत होती ना, तवाच रस आंबला होता. गुळानं आणखी जोर धरला. बर्फ पाण्याले धरते, दारूले नाही धरत. दारू गोडासंगं खाली गळते. पहिल्या खेपेले आपण गोड गाळलं, आता दारू गाळली. बाबाले तू तेच पाठवलं." मग म्हणाले, "फेकून दे हे सारं. अन् उमरेडले चिठ्ठी लिव."

मी हो म्हटलं. ते कामावर गेले. मी तुमचं पत्र काढलं. भाकर मागितली, मायचं नाव घेतलं, हसले, झोपेतही हसत होते. ते पुन्हा वाचलं. मग उठले, डब्यातला बर्फ चाळणीत पालथा घातला, आणि जे गळलं ते बाटल्यांत भरून बूच लावलं. नकळत केलं असतं तर मी तुमच्या पायाशी येऊन रडले असते. पण मी जाणून केलं. ज्या माणसाने इतकी वर्षं थेंब शिवला नाही, त्याला त्याच्या लेकीने दारू पाजली, आणि वर विचारलं, बाबा आणखी काय बोलले!

बाबा प्यायचे ते दिवस मला थोडे आठवतात. दिवेलागण झाली की माय आम्हाला शेजारच्या घरी पाठवायची. दीक्षेनंतर पाठवणं थांबलं, एवढं लहानपणी मला कळलं होतं. मायने त्यांच्यासाठी जे मिळवलं ते मी घालवलं. आता ते वस्तीसमोर उभे राहून माझं नाव घेणार, आणि तेही पाचव्या शीलाच्या दिवशी. हे होऊ देऊ नका.

उरलेली बाटली ओतून टाका आणि बाबांना पौर्णिमेच्या आधी सांगा. मी त्यांना फसवलं असं सांगा. त्यांच्यासमोर यायला मला तोंड नाही. आणि एक भीती आहे, तीही सांगते. बाटली बंद झाली की बाबा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि मायचं नाव पुन्हा बंद होईल. ही भीती वाटते म्हणूनच मी इतके दिवस गप्प बसले. अजूनही वाटते.

कांता


उमरेड, १२ मे

पोरी कांता,

जयभीम. पंचफुला लिहून देतो म्हणत होती, म्या नाही म्हटलं. रात्रशाळेत शिकलो तेवढ्यावर लिवतो. शुद्ध जमत नाही, बोलतो तसं लिवून राहिलो.

तुही चिठ्ठी आली त्या दिवशी पंचफुलेनं चूल पेटवली नाही. म्या इचारलं तं रडाले लागली अन् चिठ्ठी माह्या हातात देल्ली. म्या वाचली, मंग पुन्हा वाचली.

तू लिवलं का तुनं मले फसवलं. पोरी, वीस वर्सं मोहाची पेलेला माणूस म्या. पहिल्या घोटाले वाटलं सुंठ हाय. दुसऱ्या घोटाले समजलं. मले नाही समजन तं कोनाले समजन? पेला तवाच खाली ठेवता आला असता. नाही ठेवला. म्या म्हटलं, पोरीनं मायेनं पाठवलं, तिले काय माहीत; अन् तिले माहीत नाही तं मले बी माहीत नाही. असं सोंग घेतलं अन् रोज दिवा लागाची वाट पाहू लागलो. बाटली उशापाशी आणली. सकाळी वस्तीतल्या पोराइले सांगे, दारू सोडा रे. संध्याकाळी माह्या हातात पेला. तू एकडाव जाणून पाठवली, म्या रोज जाणून पेलो. तुह्या मायेआड लपून पेलो. तवा आता दोष सारा आपल्या अंगावर घेऊ नको. माह्या वाट्याचा मले राहू दे.

राहिलेली बाटली उंबऱ्याबाहेर ओतली. पुनवेले विहारात म्या भंतेजीजवळ नाही बसलो, खाली पोराइत बसलो. उभा राहून जे झालं ते सांगतलं. तुह्यं नाव नाही घेतलं. काही पोरं हासली. एक जण उठून चालला गेला, त्याले म्या काय म्हणू? बाकीचे बसले. भंतेजीनं शील देल्लं, म्या पोराइसंगं मागं मागं म्हटलं. पाचव्या शीलाले माहे शब्द मागं राहिले. भंतेजी थांबले, पोरं बी थांबली. मंग म्हटलं.

तू लिवलं का बाटली सुटली का बाबा पुन्हा भिंतीकडं तोंड करतीन. केलं. खोटं काहून बोलू? पुनव झाल्यावर बी कोनाशी बोललो नाही. भाकर गोड लागे ना. पंचफुला येऊन जवळ बसे अन् उठून जाये.

काल तिले म्हटलं, बस वं. तुले ते संत्र्याची गोष्ट अर्धीच सांगतली होती. बायजीनं मले फोड नाही देल्ली हे सांगतलं, काहून नाही देल्ली ते नाही सांगतलं. पिऊन हासता येते, पण ते नाही सांगता येत.

तू लहान होती, तुले आठवत नसन. त्या दिवशी म्या रस्त्यातच पेलो होतो. दीक्षेले जाऊन राहिलो अन् तोंडाले वास! तुही माय भांडली नाही. तुमाले फोडी वाटल्या, माह्या हातावर साल ठेवली, अन् एक फोड पदराच्या गाठीत बांधली. म्हणे, "हे तुमची हाय. उतरली का देईन." नागपूरले पोचलो, दीक्षा झाली, पाचवं शील म्या एवढ्या लोकात तोंडानं म्हटलं अन् खाली बसलो. तवा तिनं गाठ सोडली. फोड चेपली होती, सुकली होती. तिनं माह्या हातावर ठेवली. म्या खाल्ली. लय आंबट होती, पोरी.

हे म्या काल सांगतलं, कोरड्या तोंडानं. मधे मधे थांबलो. पंचफुला रडे, म्या बी रडलो. पण तिचं नाव घेता येते. वेळ लागते, पण येते.

आता उन्हाळ्यात संत्रं कुठून येईन? पावसाळा सरून नवा बहार आला का सासूले कोनापाशी ठेव अन् दोन दिवस ये. तोंड नाही म्हणतेस, मले कुठं हाय? तरी ये. येताना एक संत्रं आण, हिरवं असलं तरी चालते. आटवू नको, गोठवू नको. इथं सगळ्याइच्यात बसून सोल. लेकराइले दे, पंचफुलेले दे, अन् एक फोड माह्यासाठी बाजूले ठेव. सगळ्याइले देऊन झालं का मंग मले दे.

तुहा बाप
देवाजी